निळ्या पेन्सिलीतला कोल्हा

"कोल्हा? आपल्या पट्टीत कोल्हा कुठून घुसवलास तू?" मामाने आजचा पेपर टेबलावर आपटला.

"मी घुसवला? काढलायस तू! मी नुसती शाई फिरवली," भाची उसळली.

या तिरसटपणावरूनच मामाने तिला साळू नाव पाडलं होतं आणि पेपरातल्या आपल्या रोजच्या चित्रपट्टीत तिचं साळिंदर केलं होतं. स्वतः तो अस्वल, मामी बदक. तिघं एकाच घरात राहायची, कागदावरसुद्धा.

कामाची रीत ठरलेली. मामा फिकट निळ्या पेन्सिलीने काढणार, साळू वरून काळी शाई फिरवणार. निळं छपाईत उमटत नाही, शाई लागेल तेवढंच वाचकाला दिसतं. मनगट मोडायच्या आधी मामाने महिन्याभराचे कागद काढून ठेवले होते. त्यातल्या एकावर खिडकीबाहेर निळा कोल्हा दिसला. साळूने हात चालवला. विचारायचं बिचारायचं तिच्या रक्तातच नव्हतं.

"मी जन्मात कोल्हा काढलेला नाही," मामा म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता.

विसरला असेल म्हातारा, म्हणत साळूने उद्याचा कागद ओढला. कोल्हा दारात. परवाचा. कोल्हा आत, खुर्चीत तंगड्या पसरून, घरजावई असल्यासारखा. त्याच्या पुढचा. बदक नाही.

शेजारच्या खोलीत मामीचं शिलाई मशीन थांबलं.

"मामी?"

चाक अजून फिरत होतं. सुईखाली कापड तसंच. स्टूल गरम. मागचं दार सताड उघडं.

"गेली असेल दुकानात," मामा पुटपुटला.

"अनवाणी?"

चपला दाराशीच होत्या.

साळू टेबलाकडे धावली. टाक बुडवून तिने रिकाम्या चौकटीत बदक काढलं. चोच, मान, पंख. दाट काळं. वाळता वाळता रेघ करडी झाली. मग फिकट निळी.

पुन्हा गिरवलं. पुन्हा निळी.

"पुढचा कागद बघू नकोस."

तिने बघितला. अस्वल टेबलाशी एकटं. दारात साळिंदर, पाठमोरं. कोल्ह्याने दार धरलेलं.

साळूने शाईची बाटली बंद केली.

मामाने डाव्या हाताने तिची बाही पकडली. "साळू, बस. भांड माझ्याशी. काहीही बोल."

एरवी तिने हात झटकला असता. आता तिने त्याचं एकेक बोट हळूच सोडवलं.

"येते मामा. ते कधीचे दार धरून उभे आहेत. मला आता निघायला हवं."