सानपाड्याची माशी

मनस्वीने केतनला होकार दिला, साखरपुड्याची तारीख ठरली, आणि दिवाळे गावात मासळी विकणाऱ्या तिच्या आईने, गोजराने, होणाऱ्या जावयाला पापलेट घासाघीस न करता दिलं. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू. कारण त्या सोमवारी डेपोच्या फाटकात दोघांच्या बस समोरासमोर आल्या, तेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं. होण्याची चिन्हंही नव्हती.

फाटक एका बसपुरतं. मनस्वी नोकरीतली पहिली फेरी घेऊन बाहेर निघाली होती, केतन आत येत होता. तो खाली उतरून अदबीने म्हणाला, "मॅडम, उतरा. मी घेतो तुमची गाडी मागे."

"स्वतःची नीट घेता येते का?" तिने विचारलं, आणि बारा मीटरची बस एका दमात मागे नेली... पाण्याचा टँकर आणि कमळाकरदादांची मोटारसायकल यांच्या मधून. दोन्हीकडे चार-चार बोटं जागा शिल्लक. केतन बघत राहिला. बसकडे, असं त्याने नंतर सगळ्यांना सांगितलं.

कमळाकरदादा डेपोतले सगळ्यात जुने ड्रायव्हर. त्यांनी संध्याकाळी बैठक घेतली. "बाई आली की शिव्या बंद. शिव्या बंद म्हणजे ब्रेकवरचा ताबा गेला." हे डेपोतल्या सतराही ड्रायव्हरांना पटलं. समोरून आपल्या डेपोची गाडी आली की ड्रायव्हरने ड्रायव्हरला हात करायचा, ही जुनी पद्धत. ती बाईला लागू नाही, असा ठराव झाला. अक्षर चांगलं म्हणून तो केतनने लिहिला. मथळ्याखाली दोन रेघाही मारल्या.

मनस्वीची नेमणूक महिनाभराच्या चाचणीवर होती. 'सहकाऱ्यांशी जमते' या रकान्यात 'नाही' पडलं की ती घरी, आणि तिच्यामागच्या सहा मुलींचे अर्ज कपाटात.

पण हाताला ठराव वाचता येत नाही. सानपाड्याला तिची बस दिसली की हात सवयीने उठायचे आणि अर्ध्यात ठराव आठवायचा. मग कोणी केस सावरायचं, त्यात दोघांना टक्कल होतं. कमळाकरदादा माशी हाकलायचे. केतन कान खाजवायचा, पण बघायचा मात्र सरळ तिच्याकडे. बघण्याबद्दल ठरावात काही नव्हतं. मनस्वी मान ताठ ठेवून, रोज, प्रत्येकाला पुरा हात करायची.

"तीन आठवडे झाले, कोन हात करत नाय," एकदा ती आईला म्हणाली.

गोजराने मासळी कापता कापताच सांगितलं, "खारीत समोरच्या होडीन हात नाय केला तं आपन काय समजतो? त्यो अडचनीत हाय. जवल जायाचा, इचारायचा."

दुसऱ्या दिवशी मनस्वीने कंट्रोल रूमला रीतसर कळवलं: समोरील चालक हात अर्धा उचलून थांबतात, प्रकृती तपासावी. सतराही जण तपासणीला गेले. कमळाकरदादांनी डॉक्टरला माशीचं सांगितलं. "रोज सानपाड्यालाच?" डॉक्टरने विचारलं आणि ईसीजी दोनदा काढला. घरी वहिनींनी खबरदारी म्हणून सुके बोंबील बंद केले.

केतन तिला रबाळ्याच्या चहाच्या टपरीवर भेटला.

"तुमच्यामुळे माझा ईसीजी झाला."

"काय निघालं?"

"नॉर्मल. सानपाड्याला जे धडधडतं... ते त्यांच्या मशीनमध्ये येत नाही."

तिने हसू चहाच्या ग्लासात लपवलं. "ठराव तुम्हीच लिहिला ना? अक्षर सुंदर आहे."

"थँक्यू."

"मजकूर भिकार आहे."

"...हो."

"आणि कीव म्हणून हात करू नका. तुमच्याएवढीच गाडी, तुमच्याच रस्त्यावर, तुमच्याहून चार बोटं नीट चालवते मी. ड्रायव्हरला करतात तसा करायचा असेल तरच करा."

"उद्या दादांची गाडी माझ्या मागेच आहे..."

"मग आरशात बघून करा."

दुसरा दिवस चाचणीचा शेवटचा. सानपाड्याला समोरून तिची बस आली. केतनने आरशात बघितलं. दादा बघत होते. त्याने हात उचलला. वाटेत कान लागला, तो सोडून दिला... आणि हात कोपरापर्यंत खिडकीबाहेर काढला. तिचा तर वर होताच. दोन सेकंद, बस्स.

"वळखीच्या का?" पुढच्या सीटवरच्या आजोबांनी विचारलं.

"आमच्या डेपोच्या ड्रायव्हर आहेत," केतन म्हणाला. असा म्हणाला की आजोबा उगाचच सावरून बसले.

मागून दादांचाही हात वर गेला. माशी नव्हती. "बोंबलासाठी केला," असा खुलासा त्यांनी नंतर दिला. पण दुसऱ्या दिवशी मोटारसायकल मुद्दाम त्याच जागी लावून ते एकेकाला बोलावून दाखवत होते, "हितून काढली होती आपल्या पोरीने. चार बोटं! मोजा."

रकान्यात 'जमते' पडलं. सहा अर्ज मंजुरीला गेले. सातवा केतनने लिहिला आणि आधी मनस्वीला दाखवला.

"'आम्ही विवाह करणार असल्याने'?" तिने भुवई उचलली. "आम्ही?"

"मसुदा आहे," केतन कान खाजवत म्हणाला. "तू... खोडू शकतेस."

तिने त्याच्या खिशातलं पेन काढलं. 'दोन मिनिटांची' मधलं 'दोन' खोडून 'सात' केलं, आणि खाली सही केली. अर्ज असा:

मा. डेपो व्यवस्थापक यांस,
आम्ही दोघे चालक सानपाडा येथे रोज समोरासमोर येतो. सदर भेट सध्या दोन सेकंदांची आहे. आम्ही विवाह करणार असल्याने ती अपुरी पडते. तरी बसचा वेग, वेळापत्रक व मागील वाहनांचे हॉर्न यांत कोणताही बदल न करता सदर भेट किमान सात मिनिटांची करण्यात यावी, ही नम्र विनंती.