आधी देवीची नजर

"हसायचं नाही," टेकचंदताया, पोरांचे थोरले काका, शेगडीतले निखारे सारखे करत म्हणाले. "काशीराम आपल्या चंबा गावातला चितारी, माझा लहानपणचा सोबती. त्याच्या घरी घडलेलं सांगतोय. त्याची बायको, सत्यावहिनी, आहेत इथेच. उद्या जाऊन विचारा."

"म्हणजे आज झोपायचं नाही," एक पुतणी पुटपुटली आणि गोधडीत सरकली.

तीन वर्षांमागची आश्विनातली सप्तमी. रात्रीचे पावणेदहा. काशीराम तूप आणायला बाजारात निघाला होता. सत्यावहिनींचं अखंड दिव्याचं व्रत. नऊ दिवस दिव्यापाशीच बसायचं, आसनाशेजारच्या परातीत पेरलेल्या जवाला पाणी घालायचं, ज्योत विझू द्यायची नाही.

"अहो, चित्रातल्या देवीला सकाळपासून दागिने चढवताय," वहिनी म्हणाल्या, "आणि हिच्या दिव्याला तूप कोण आणणार? अर्ध्या तासापुरतंच उरलंय."

"निघालो गं. तुझी देवी बरी, तिचं तुपावर भागतं. माझ्या देवीला सोन्याचा वर्ख लागतो."

त्याच खोलीत खिडकीशी पाटावर ते चित्र होतं. महिषासुराला मारणारी दुर्गा. अष्टमीच्या सकाळी देवळात द्यायचं होतं. संध्याकाळीच वीज गेली, म्हणून जरासं काम राहिलं होतं.

तूप घेऊन काशीराम मोहल्ल्याच्या पायऱ्या चढू लागला. खाली रावी नदीचा आवाज. वर सगळा अंधार. निम्म्या वाटेवर त्याचा पाय थबकला.

रेड्याचं अंग रंगवून झालं, तेव्हा कुंचल्यात काजळ उरलं होतं. त्याच हातासरशी त्यानं असुराच्या डोळ्यात बुबुळ भरलं होतं. तेवढ्यात वीज गेली. देवीचा डोळा कोराच राहिला.

त्यांच्या घराण्यात रेघ मारायला शिकवण्याआधी हे शिकवत. आधी देवीची नजर, मग असुराची. तिची नजर त्याच्यावर नसेल, तर तो मोकळा.

आणि खोलीत सत्या एकटी. व्रत मोडून ती उठणार नाही.

काशीराम धावत सुटला.

दारापाशी त्याला वास आला. ओल्या कातड्याचा. मोहल्ल्यात कुणाकडे म्हैस नव्हती.

वहिनी दिव्यासमोर हात जोडून ताठ बसल्या होत्या. ज्योत गव्हाच्या दाण्याएवढी.

"हळू…" त्या ओठातल्या ओठात म्हणाल्या. "मघापासून माझ्या पाठीशी कुणीतरी… श्वास घेतंय."

"वळून पाहिलंस?"

"नाही. ज्योतीवरची नजर काढली नाही."

त्यानं डबा उघडला. थंडीनं तूप दगडासारखं थिजलेलं. वहिनींनी त्यातलं बोटांनी खरवडून काढलं, दोन्ही तळव्यांत धरलं आणि ज्योतीवर ओंजळ धरून चोळू लागल्या.

"तुम्ही तुमचं करा," त्या म्हणाल्या. "मी माझं करते." आणि त्या देवीचं नाव घेऊ लागल्या.

काशीरामनं पाट उचलून दिव्याशी आणला. असुराच्या डोळ्याकडे पाहिलं नाही. खारीच्या केसांचा कुंचला काजळात बुडवला.

मागे लाकडी जमीन करकरली.

एकदा…

पुन्हा. जवळ.

कानाच्या पाळीला ऊन वाफ लागली. ज्योत निळी झाली. बुडू लागली.

वहिनींचं नामस्मरण थांबलं.

त्यानं श्वास रोखला. देवीचा एका बाजूनं काढलेला चेहरा. एकच डोळा. कुंचल्याचा एकच केस टेकवला…

एक ठिपका.

…

काही नाही. नुसती रावी.

वहिनींच्या तळव्यांतून तुपाचा थेंब वातीवर पडला. मग दुसरा. ज्योत उभी राहिली. दोघांनी वळून पाहिलं. खोली रिकामी होती.

"आई आहे," वहिनी म्हणाल्या, आणि मग कुठे त्यांना रडू आलं.

सकाळी चित्र देवळात गेलं. आजही आहे, जाऊन पाहा. तिची नजर थेट त्याच्यावर आहे.

तायांनी निखाऱ्यांवर फुंकर घातली. शेगडीत राख धरू लागली होती.

"मग संपलं ना?" पुतणीनं विचारलं.

"जवाच्या परातीत खूर उमटला होता. दोन फाकांचा, खोल. टोकं वहिनींच्या आसनाकडे… आसन वीतभर दूर." तायांनी तळहात पसरून दाखवला. "वहिनी दरवर्षी त्याच परातीत जव पेरतात. सगळीकडे हिरवागार कोंभ येतो. तेवढी खुराएवढी जागा सोडून."

पुतणीनं पाय गोधडीत ओढून घेतले.

"आणि माती," ताया हळूच म्हणाले, "दरवर्षी नवी असते."