मालाक्काची साक्ष

द्राक्षपट्ट्यातल्या दवाखान्यांत आता बाईला कुणी विचारत नाही, की किती दुखतंय. तिच्या ओटीपोटावर एक पट्टी लावतात, दुसरी पट्टी तिच्यासोबत आलेल्याच्या ओटीपोटावर, आणि मग त्या दुसऱ्याला विचारतात.

या यंत्राला सहवेदक म्हणतात. पोटातल्या नसा मेंदूकडं जो निरोप धाडतात, त्याची हे यंत्र नक्कल काढतं आणि तोच निरोप दुसऱ्याच्या नसांतून सोडतं. पोट एकीचं, कळ दुसऱ्याला. ज्यानं हे काढलं त्याला दंडवत घालावा. किती पिढ्या बाया कण्हल्या आणि घरचे म्हणाले, नाटकं करते. आता नवऱ्याला पट्टी लावली की तोच स्टुलावरून खाली येतो. मग नाटकाचं नाव निघत नाही.

पण नवऱ्यांना कायम कामं असतात. म्हणून साक्षीला सासू बसते, नाहीतर टोळीची मुकादम. साक्षीनं शून्य ते दहा असा आकडा सांगायचा. सातच्या वर गेला तर तातडीचं ऑपरेशन, खाली राहिला तर गोळ्या आणि घर. साक्षीही खंबीर बघून निवडायची. घाबरट साक्ष कुणाला हवी?

विजयमाला पाटोळे, म्हणजे मालाक्का, यांच्याएवढी खंबीर बाई तालुक्यात नव्हती. द्राक्षाची विरळणी करणाऱ्या बावीस बायकांची टोळी त्यांच्या एका शब्दावर चाले. हात वर करून दिवसभर मांडवाखाली उभं राहायचं, दाटलेल्या घडातले मणी कातरायचे, आणि कुणी कमरेला हात लावला की मालाक्का म्हणायच्या, "काय गं, मोडली का?" सतरा वेळा त्या साक्षीला बसल्या होत्या. अठराव्यांदा बसल्या त्या स्वतःच्या सुनेसाठी.

ईश्वरी भरदुपारी मांडवाखाली ओकली आणि वाकली ती सरळ झालीच नाही. दवाखान्यात आणली तेव्हाही हातात कात्री होती.

डॉक्टर निलोफर मुजावर यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "आक्का, अंडाशयात दर महिन्याला एक मणी फुगतो, पिकतो आणि फुटतो. कधी फुटत नाही, पाणी धरून बसतो. तीच गाठ. बहुतेक गाठी दोनतीन महिन्यांत आपोआप जिरतात, बाईला पत्ताही लागत नाही. हिची मोठ्या लिंबाएवढी आहे. वजनानं अंडाशय फिरलं तर देठाला पीळ बसतो."

"आन् देठाला पीळ बसला की घड सुकतो. ते मला शिकवू नगा."

"मग झालं तर. काही तासांत अंडाशय मरतं. पण पीळ सोनोग्राफीत दरवेळी दिसत नाही. आत्ताही दिसत नाही. म्हणून तुमची साक्ष."

ईश्वरीचं एक अंडाशय लहानपणीच काढलेलं होतं. हे एकच उरलेलं, आणि अजून मूल नव्हतं.

मालाक्कांनी पट्टी लावून घेतली. ताठ बसल्या. पापणी हलली नाही.

"तीन."

"आत्ती, तीन न्हाई ओ..." खाटेवरून ईश्वरी म्हणाली.

"गप. तुझंच दुखणं माझ्या पोटात हाय, मी खोटं सांगंल व्हय? एवढ्या दुखण्यात मी आख्खा प्लॉट विरळलाय."

डॉक्टरांनी गोळ्या लिहायला घेतल्या आणि थांबल्या. यंत्र साक्षीचीही नाडी मोजतं. मालाक्कांची एकशे अडतीस होती. कपाळावरून घाम ओघळत होता.

"आक्का, तोंड तीन म्हणतंय. काळीज काय म्हणतंय बघा."

ज्या डॉक्टरला चिरायचं असतं तिनं पट्टी लावायची नाही, असा नियम आहे. निलोफरबाईंनी तो मोडला. पट्टी लावली, खाटेची दांडी धरली, आणि दांडी सुटून त्या फरशीवर बसल्या. तिथूनच ओरडल्या, "थिएटर तयार करा!"

अंडाशय जांभळं पडलं होतं. त्यांनी पीळ उलटा सोडवला, गाठ काढली आणि वाट बघत राहिल्या. हळूहळू रंग परतला. बाईच्या हाताला तोड नाही.

दुसऱ्या सकाळी त्यांनी मालाक्कांना बोलावलं. "आज तुमचं काही दुखतंय?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग आज पहिली पट्टी तुम्हाला. निरोगी पोट कसं असतं, तेवढं बघू दे."

दुसरी पट्टी डॉक्टरांनी स्वतःला लावली. अर्ध्या मिनिटात त्यांचे ओठ पांढरे पडले.

"हे कधीपासून आहे?"

"काय?"

"हे. आत्ता आहे ते."

"ते व्हय? थोरल्याच्या येळेपासनं. तीस वर्सं. बाईच्या पोटात आसतंच की ते."

"नसतं, आक्का."



गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखंच अस्तर त्यांच्या अंडाशयांवर वाढलं होतं. दर पाळीला तेही रक्त सोडी, आणि त्या रक्ताला बाहेर जायला वाट नव्हती; साचून आतलं सगळं एकमेकांना चिकटलं होतं, ते पाळी गेल्यावरही दुखत राहिलं. यंत्र खोटं नव्हतं, बाईही खोटी नव्हती. निरोप दुसऱ्याचा पोचतो, तो तोलायचा मात्र आपल्याच पोटावर. दुसऱ्या बाया जिथं किंचाळतात, तिथं मालाक्कांचं शून्य होतं.

त्यांचंही ऑपरेशन झालं. पाळी तर आधीच गेली होती, आता दुखणंही गेलं. दीड महिन्यानं त्या ईश्वरीला घेऊन तपासणीला आल्या. चालताना मध्येच थबकत होत्या, काहीतरी घरी विसरल्यासारख्या.

"डॉक्टरीणबाई, हिचं त्या दिवशीचं यंत्रात हाय?"

"साठवलेलं असतं."

"लावा मला."

चौथ्या श्वासाला त्या अशा ओरडल्या, की बाहेरच्या बाकावरून ईश्वरी धावत आत आली. "आत्ती! काडा ओ ते, काडा!"

डॉक्टरांनी पट्टी ओढून काढली. मालाक्कांनी पदरानं तोंड पुसलं.

"आता टोळीतल्या शालनचं लावा," त्या म्हणाल्या. "तिला मी दोन म्हनलं हुतं. दुसऱ्या दिवशी मांडवाखाली वळीत उभी केली."

"आक्का, पुरे. सतरा जणी आहेत."

"सतरा मला ठाव हायती. लावा."

डॉक्टरांनी शालनचं नाव शोधलं. शेजारच्या रकान्यात साक्षीचा अंगठा होता. खाली दुसरी नावं, दुसरे अंगठे, गावोगावच्या खंबीर बायांचे, आणि प्रत्येकापुढं दोन, तीन, दोन.