सिद्धेश्वरीची मशीन

आधीच सांगते, ही गोष्ट रात्रीची नाही.

ना अमावस्या, ना स्मशान, ना ओसाड विहीर. सगळं भर दुपारी घडलंय. सोलापुरात अक्कलकोट रोडला शाळेचे गणवेश शिवणारा एक कारखाना आहे, तिथे. नाव सांगणार नाही, कारण ओळखीच्या बाया अजून तिथेच कामाला आहेत. गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी हे सुरू झालं. जिच्यासोबत घडलं ती रुपाली माझी सख्खी मामेबहीण. थापा मारायचा तिचा स्वभाव नाही. जळायचा मात्र आहे, आणि ते ती स्वतःच कबूल करते.

ज्याला खोटं वाटेल त्याने उन्हाळ्यात सोलापूरला यावं आणि दुपारी पत्र्याखाली एकट्याने बसून दाखवावं.

रुपाली जळायची ती सिद्धेश्वरीवर.

सिद्धेश्वरी अक्कलकोटकडच्या एका खेड्यातली. घरात कानडी, कारखान्यात मराठी. रुपालीला ती लाडाने 'तंगी' म्हणायची. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. रोज सकाळी कामाला बसताना ती मशीनला विभूतीची तीन बोटं ओढायची, हात जोडायची आणि मगच सुई लावायची. तिची जागा खिडकीपाशी, कूलरच्या तोंडाला. मशीनही सगळ्यात नवी. कोणी गिऱ्हाईक आलं की महिपती शेठ तिनेच शिवलेला शर्ट पुढे करायचे आणि म्हणायचे, ही कॉलर बघा.

रुपालीच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. ती मागच्या रांगेत, घामाने चिंब, आणि हिला आयतं गार वारं. तिच्या कॉलरलाही काही वाकडं नव्हतं. पण बघतो कोण?

मग सिद्धेश्वरीला दिवस गेले. पोट दिसायला लागलं तशी ती शेठच्या केबिनमध्ये गेली आणि कायद्याने बाळंतपणाची पगारी रजा मिळते ती द्या म्हणाली. आतून शेठचा आवाज चढलेला सगळ्यांनी ऐकला. जानेवारीत गड्ड्याची जत्रा झाली आणि ती माहेरी गेली.

शेठनी रुपालीला बोलावून सांगितलं, ती काम सोडून गेली, आता खिडकीजवळची मशीन तुझी. हजेरीपटावर नाव नंतर चढवू.

सुंठीवाचून खोकला गेला. रुपालीने त्या दिवशी घरी शिरा केला.

कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या बाई म्हणजे अंबुबाई, सांगोल्याकडच्या. त्या हसून म्हणाल्या, "आयत्या बिळावर नागोबा." रुपालीला ते लागलं. त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. ती तीन महिने तिथे बसली तरी बाया तिला म्हणायच्या, अगं, सिद्धेश्वरीच्या मशीनवरची कात्री दे. सिद्धेश्वरीच्या मशीनखाली बघ.

माणूस गेलं, नाव काही जाईना.

आणि मग ती दुपार आली.

जेवणाच्या सुट्टीत शेठ वीज वाचवायला मेन स्विच पाडायचे. पंखे बंद, कूलर बंद, मशिनी बंद. आत पत्रा तापून भट्टी व्हायची, म्हणून सगळ्या बाया बाहेर लिंबाखाली डबे सोडायच्या. त्या दिवशी रुपाली चटणीची डबी आत विसरली होती. ती आणायला गेली.

दारातच थांबली.

आतून आवाज येत होता...

घर्रर्र... थांबे. पुन्हा घर्रर्र...

कोणीतरी शिवत होतं.

रुपालीने मेन स्विचकडे पाहिलं. तो खाली पडलेलाच होता.

ती दोन पावलं आत गेली आणि आवाज बंद झाला. रांगेत कोणीच नव्हतं. पाखरूसुद्धा नव्हतं.

खिडकीजवळच्या मशीनवर तिने अर्धा सोडलेला खिसा होता.

तो पुरा झाला होता.

रुपालीने स्वतःला समजावलं, आपणच शिवला असेल, ध्यानात राहिलं नसेल. ती स्टुलावर बसली आणि ताडकन उठली. स्टुलावरची उशी ओली होती. घामाने. जणू कोणी तासभर बसून आत्ताच उठलं होतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. रोज दुपारी आवाज, रोज ओली उशी. आणि एक दिवस मशीनच्या काळ्या रंगावर...

विभूतीची तीन बोटं.

रुपाली घाबरली, हे खरं. पण मला तिने सांगितलं ते असं, की भीतीच्याही आधी तिला राग आला. अजून हिचीच मशीन का? तिने पदराने ती बोटं खसाखसा पुसून टाकली.

त्याच आठवड्यात मशिनी दुरुस्त करणारा बसू आला. तो त्याच भागातला. बोलता बोलता म्हणाला, तिकडं गणवेश शिवायला जाणारी एक बाई बाळंतपणात गेली म्हणे. नाव त्याला ठाऊक नव्हतं. पण बायांना नावाची गरज पडली नाही. सगळ्या हळूच रुपालीकडे बघायला लागल्या.

शेठना कोणी विचारलं नाही. तिचं नाव काढलेलं त्यांना खपत नव्हतं.

अंबुबाईंनी रुपालीला बाजूला घेतलं आणि रीत सांगितली. पहिली बायको वारली आणि नवऱ्याने दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा छोटा टाक बांधतात. आधी तिला नमस्कार, आधी तिला घास, मग आपण. नाहीतर ती सवत सुखाने नांदू देत नाही. हे आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

"आगं, पर मी काय तिच्या नवऱ्याशी लगीन लावलंय व्हय?" रुपाली म्हणाली.

"जागा तिचीच घेतलीस की," अंबुबाई म्हणाल्या. "बाईचा जीव नवऱ्यातच आडकतोय असं कुणी सांगितलं तुला?"

रुपालीने सराफाकडून टाक आणला. सिद्धेश्वरीचं नाव घेऊन पाण्यात बुडवला, हळदकुंकू वाहिलं आणि काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात बांधला. रोजचा पहिला शर्ट तिच्या नावाने बाजूला ठेवायला लागली.

आवाज थांबला.

उशी कोरडी.

रुपालीला वाटलं, सुटले एकदाची. मेलीस ना? मग आता गप मेल्यासारखी रहा. असं ती खरंच मनात म्हणाली. तिनेच मला सांगितलंय.

पण चारआठ दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत वास यायला लागला...

ओव्याच्या धुरीचा वास. शेगडीवर ओवा टाकून बाळंतिणीला शेक देतात ना, तो. बंद कारखान्यात, भर दुपारी, फक्त त्या एका मशीनपाशी. आणि त्या वासात कोणीतरी श्वास घेत होतं. अडकत अडकत... गळा दाबल्यासारखा.

रुपालीने अंबुबाईंना हाताला धरून आत आणलं. त्यांनी वास घेतला. त्यांचा चेहरा उतरला.

"मेलेल्या बाईला शेक कोण देतंय गं?"



जूनमध्ये शेठनी रुपालीला केबिनमध्ये बोलावलं. सिद्धेश्वरीच्या नावाने कामगार कार्यालयात तक्रार गेली होती. साहेबांसमोर साक्ष द्यायची होती. सांगायचं इतकंच, की ती स्वतःहून काम सोडून गेली आणि पुन्हा कधी फिरकली नाही. तसं झालं तर तिचा हक्क संपला. आणि रुपालीचं नाव दुसऱ्याच दिवशी हजेरीपटावर, कायम.

तक्रार तिच्या नवऱ्याने केली असणार, रुपालीला वाटलं. मेलेल्या बायकोचे पैसे मागत असेल बिचारा. तिला थोडं वाईट वाटलं. पण कायम हा शब्द कानात गेला की वाईट वाटणं फार टिकत नाही.

साहेबांच्या खोलीत ती शेठच्या बाजूला बसली. दार उघडलं.

सिद्धेश्वरी आत आली.

कडेवर बाळ. अंगाने वाळलेली, डोळ्यांखाली काळं. पण जिवंत. साडीला ओव्याच्या धुरीचा वास.

रुपालीचा हात गळ्याकडे गेला. ब्लाउजच्या आत टाक होता. बर्फासारखा गार.

सिद्धेश्वरीने सांगितलं की मी काम सोडलेलंच नाही. रजा मागितली होती. बाळंत झाल्यावर भावाला पाठवलं, तर गेटवरूनच सांगितलं, तुझ्या बहिणीचं नाव काढलंय. शेठचे वकील म्हणाले, सगळं खोटं, बाई गेल्या त्या गेल्याच, या आमच्या साक्षीदार सांगतील.

साहेबांनी रुपालीला विचारलं, या बाई गेल्यानंतर परत कधी कारखान्यात आल्या होत्या का?

नाही म्हणायचं होतं. एक शब्द. बसमधून येताना रुपालीने तो शंभरदा मनात घोकला होता. खिडकी, कूलर, नवी मशीन, हजेरीपटावर नाव, सगळं त्या एका शब्दाच्या पलीकडे होतं. तिने तोंड उघडलं.

"येत हुती की. रोज. जेवणाच्या सुट्टीत."

शेठची मान गर्रकन वळली. वकिलांना ठसका लागला. साहेब लिहायला लागले.

रुपाली सिद्धेश्वरीकडे बघत होती. साक्ष तिच्या बाजूने गेली होती, तिला आनंद व्हायला हवा होता. पण ती पांढरीफटक पडली होती. आणि 'मी आले नव्हते' असं ती म्हणाली नाही.

बाहेर जिन्याखाली ती रुपालीजवळ आली.

"तंगी, तुला कसं कळलं?"

रुपालीने टाकापर्यंत सगळं सांगितलं. सिद्धेश्वरी ऐकत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "दुपारी बाळाला पाजून पडलं की डोळा लागायचा. डोळा लागला की मी मशीनवर. तुला तितं बसवलंय कळल्यापास्नं जीवाची नुसती आग व्हायची. हात चालायचे, खिसं लावायची, कॉलरी लावायची. लई बरं वाटायचं... आन् मग कुणीतरी येऊन मांडीवर बसायचं. जड. मला उठताच येत न्हवतं."

रुपालीला ती ओली उशी आठवली. आवाज थांबल्यावर आपण बिनधास्त कुठे बसायचो तेही आठवलं.

"मग मे महिन्यात गळ्याला फास बसाया लागला," सिद्धेश्वरी म्हणाली. "जागंच व्हायला येईना. येकदा आईनं तोंडावर तांब्याभर पाणी मारलं तवा उठले. आई म्हनली, तुजा श्वास थांबला हुता."

तिने रुपालीच्या गळ्यातला दोरा पुढे ओढला, दातांनी तोडला आणि टाक मुठीत घेतला. भांडली नाही, काही नाही.

"मी जित्ती हाय गं," एवढंच म्हणाली, आणि बाळाला घेऊन चालायला लागली.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. शेठचाच साक्षीदार उलटला म्हटल्यावर वकिलांनी समेट करायला लावला. सिद्धेश्वरी रजेच्या पगारासह परत कामावर. तिची जागा, तिची मशीन, खिडकी, कूलर. रुपालीला गेटवरूनच सांगितलं, काम नाही. तिचं नाव हजेरीपटावर चढलंच नव्हतं, तर काढायचं कुठून?

सिद्धेश्वरीला मदत करणाऱ्या युनियनच्या बाई रुपालीकडेही येऊन गेल्या. तुझाही हक्क आहे, तुलाही तोंडी काढता येत नाही, तू पण तक्रार कर, म्हणाल्या. रुपालीने केली नाही. नीलमनगरच्या घरात ती दिवसभर बसून राहायची. मला म्हणाली, सत्य मी बोलले आणि सुख तिला? बाळ तिला, नोकरी तिला, गार वारं पण तिलाच? बोलताना तिचे दात एकमेकांवर घासत होते.

आता खरं सांगते, मला ते ऐकून हसू आलं होतं. म्हटलं, बाई गं, तुझं जळणं काही जायचं नाही.

श्रावण लागला त्या सुमारास संध्याकाळी तिला सिद्धेश्वरीचा फोन आला. मी तेव्हा तिथेच बसले होते. स्पीकर चालू होता.

इकडचं तिकडचं काही नाही. बराच वेळ नुसता श्वास... मग ती म्हणाली, "तंगी, दुपारी निजत जाऊ नगंस."

"का?" रुपालीने विचारलं.

"मला बसाया जागा न्हाय."

फोन बंद झाला.

रुपालीने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या हातातला चहा तसाच गार झाला.

त्यानंतर मीच मागे लागून तिच्याकडून तक्रारीचा अर्ज करवला. सुनावणी चालू आहे. दुपारी ती झोपत नाही, असं ती सांगते. चहा पिते, टीव्ही लावते, तोंडावर पाणी मारते.

परवा मी दुपारीच तिच्याकडे गेले होते. दार नुसतं लोटलेलं होतं. रुपाली भिंतीला टेकून पाटावर बसली होती, डोळे सताड उघडे. मी दोनदा हाक मारली. तिने ऐकलं नाही.

तिचा उजवा पाय फरशीवर हळूहळू दाबत होता... सोडत होता... पुन्हा दाबत होता.

आणि ती हसत होती.