गवत उभं आहे

देबो तळ्याच्या अलीकडे नायजर नदी आपले काठ विसरून मैदानभर पसरते, तिथल्या घाटावर नुहूम कोन्ताओ सकाळी जाळं सांधत बसला होता. तेवढ्यात कुंबा म्हातारी वाळक्या भोपळ्याच्या भांड्यातलं दूध सांभाळत, काठीने चाचपत आली. तिला पलीकडच्या गावी लेकीकडे जायचं होतं. नातवाचं बारसं होतं. त्या दिवशी घाटावर दुसरी होडी नव्हती. असती तर नुहूमने तिला हाताला धरून त्या होडीत बसवलं असतं, आणि वर सुकी मासळीही बांधून दिली असती.

कारण कुंबा ही हम्मादीची आई.

होडीत पाय टाकतानाच तिने तोंड सोडलं. "केवढा वास रे हा! तुम्हा मासेखाऊंना मेल्यावर पुरतात, की मीठ लावून वाळत घालतात?" मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेले होते, पण जीभ शाबूत होती. फुलानी गुराख्यांनी कोळ्यांना असं बोलायचं आणि कोळ्यांनी त्यांना ताकपिते म्हणायचं, हे बापजाद्यांपासून चालत आलेलं. नुहूमने मात्र तिला हात देऊन आत घेतलं. "बसा माई, सांभाळून," एवढंच तो म्हणाला. म्हातारीला ते जरा चमत्कारिकच वाटलं.

पूर्वी हे सगळं मैदान बुर्गूचं होतं. पाणी चढतं तसं हे गवतही चढतं, आणि दोन पुरुष पाण्यातूनही डोकं वर काढून उभं राहतं. फुलानींची गुरं कोरडा मुलूख तुडवत दरसाल परत येतात ती त्याच्यासाठी. निघण्याआधी पाण्याच्या धन्याला विचारायचं, गवत उभं आहे का. तो हो म्हणाला तरच पाऊल उचलायचं, अशी रीत. नुहूमचं घराणं पाण्याचं धनी. त्याच नुहूमने शहरातल्या एका व्यापाऱ्याच्या नादी लागून गवत मुळासकट उपटलं आणि भात पेरला. पूर उशिरा आला, भात करपला. तेलही गेलं, तूपही गेलं.

त्याच साली हम्मादीने फोनवर विचारलं, आणि खरं सांगायला नुहूमची जीभ रेटली नाही. धन्यानेच पाणी उघडं केलं, हे कोणत्या तोंडाने सांगणार? तो म्हणाला, "उभं आहे. या." नाही मिळालं तर दुसरीकडे जातील, अशी त्याने मनाची समजूत घातली. पण भुकेलेली गुरं गवताच्या आशेने थेट चिखलात घुसली आणि रुतली. पुढच्या गाईला ओढायला हम्मादी आत शिरला, तो वर आलाच नाही. पुराने गवत रातोरात उपटून नेलं, असं नुहूमने नंतर सगळ्यांना सांगितलं. धन्याचा शब्द, तोंडावर कोण खोटा म्हणणार? पण खाई त्याला खवखवे. तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

होडी मध्यावर आली. वाळवंटाकडून आलेल्या धुळीने दोन्ही काठ पुसून टाकले होते. वारा पडला होता. पाणी स्वच्छ, उघडं, काडीही नसलेलं.

आणि होडीच्या कुशीला काहीतरी घासलं. सर्र... सर्र...

हा आवाज नुहूम पाळण्यात असल्यापासून ओळखत होता. दाट बुर्गूतून होडी जाताना असाच आवाज येतो. त्याने वाकून पाहिलं. खाली नुसतं पाणी, आणि त्यात त्याचा स्वतःचा चेहरा. होडी रेटायची काठी मात्र जड झाली होती. बुडाशी काहीतरी गुंतावं तशी ओढून काढावी लागत होती. मग वास आला, गोड, कढत्या काकवीसारखा. बायका बुर्गूचे देठ उकळून सरबत करायच्या, तेव्हा गावभर हाच वास असायचा.

कुंबाने हात पाण्यात सोडला होता.

"गवत..." ती म्हणाली.

"माई, हात आत घ्या."

"किती दाट आहे रे. लोक पाठीमागे म्हणायचे, नुहूमच्या पाण्यात तेव्हाही काडी नव्हती, आताही नाही. मेले खोटारडे." तिचा हात रिकाम्या पाण्यात काहीतरी कुरवाळत होता. मग तिचा आवाज खाली आला. "म्हणजे तू माझ्या पोराला खरंच सांगितलं होतंस. आणि मी रोज नमाज झाली की तुला शाप देत होते. माफ कर बाबा."

नुहूमला हायसं वाटलं. अगदी क्षणभरच, पण वाटलं. आणि त्या क्षणाची त्याला जन्मभर लाज वाटणार होती.

कुंबाने पदराच्या गाठीतून फोन काढला. धाकटा सांबा गुरं घेऊन पलीकडच्या माळावर खोळंबला होता. यंदा कुठल्या वाटेने यावं, त्याचं ठरत नव्हतं. "तूच सांग त्याला," तिने फोन पुढे केला. "धन्याचा शब्द लागतो."

"नुहूमदादा," फोनमधून आवाज आला. हुबेहूब हम्मादीचाच. भावाभावांचे आवाज सारखे असतात, त्यात नवल नाही. "गवत उभं आहे का?"

या वेळी नुहूमने ठरवलं. धनीपण जाऊ दे, गावाने वाळीत टाकलं तरी चालेल, पण या माउलीचा दुसरा मुलगा चिखलात जाता कामा नये. नाही, येऊ नका, मीच उपटलं, हे शब्द ओठांवर तयार होते. त्याने तोंड उघडलं. जिभेवर एकदम गोड रस भरून आला, आणि त्याचाच आवाज, शांत, सावकाश, म्हणाला...

"उभं आहे. या."

"निघतो मग," सांबा म्हणाला आणि फोन बंद झाला.

नुहूम म्हातारीच्या पायाशी बसला. तिचे दोन्ही हात घट्ट धरून त्याने जीव एकवटून सांगायला सुरुवात केली.

"उभं आहे. या."

"कळलं रे," तिने त्याच्या डोक्यावर थोपटलं. "किती वेळा सांगशील?"

काठावर तिचा जावई उतरवून घ्यायला आला होता. नुहूमने त्याचा दंड पकडून सगळं सांगायला तोंड उघडलं. त्यालाही तेच ऐकू आलं, आणि तो आनंदाने हसला.

माणसं गेल्यावर नुहूम होडीत एकटाच बसून राहिला. दातात काहीतरी अडकलं होतं. त्याने बोटांनी चाचपून ते ओढलं. ते येतच राहिलं. बुर्गूचं पातं, हिरवंगार, हातभर लांब. त्याने ते किळस येऊन पाण्यात भिरकावलं.

पातं वाहून गेलं नाही. जरासं बुडालं, परत वर आलं, आणि उघड्या पाण्यात सरळ उभं राहिलं.