पानाबाहेरची रेघ

ऑफिसात तिला सगळे रेघाताई म्हणत. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांसाठी ती संगणकावर चित्रं काढायची. हृदयाचे कप्पे, फुलाचा उभा छेद, कानाच्या आतलं वेटोळं. रेघ केसभर जरी हलली तरी तिच्या नजरेतून सुटायची नाही. "रेघाताईंना इंद्रधनुष्य दाखवलंत तर तिसऱ्या पट्ट्याची कड नीट करून मागतील," असं बरोबरची माणसं म्हणत, आणि तीही हसायची.

आईला पक्षाघात झाल्यापासून ती घरूनच काम करत होती. आईचा उजवा हात आणि उजवा पाय गेला होता, जीभ जरा जड झाली होती, पण डोकं शाबूत होतं. दिवसभर ती खिडकीपाशी खुर्चीत बसून असायची. एके दिवशी तिने कपाटातला एक जुना फोटो काढायला लावला.

"हा मोठा करून भिंतीवर लाव. जवळचं काही दिसत नाही गं आता."

फोटो तळहाताएवढा. आजोबा, आजी आणि आठ वर्षांची आई. उजवी कड कात्रीने कापलेली, तीही घाईघाईत, तिरकी.

"इथं काय होतं, आई?"

"काही नाही. खराब झालं असेल."

एवढासा फोटो नुसता ताणला तर चेहऱ्यांचे ठिपके झाले असते. म्हणून रेघाताईने तो स्कॅन करून खालच्या लेयरवर, म्हणजे थरावर ठेवला, तो हलू नये म्हणून लॉक केला आणि वरून पेन टूलने गिरवायला घेतला. एक बिंदू ठेवायचा, दुसरा ठेवताना जरा ओढायचा, की मधली रेघ वाकते. बिंदूतून निघालेल्या दांड्या हलवून ते वळण हवं तसं बसवायचं. असं काढलेलं चित्र भिंतीएवढं केलं तरी त्याची कड फुटत नाही. आणि बिंदू जितके कमी, तितकी रेघ जिवंत. आजोबांची मिशी तिने सहा बिंदूंत बसवली, तेव्हा ती स्वतःवरच खूश झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने रंग बंद करून नुसत्या रेघा तपासायला घेतल्या. छोट्या आईच्या खांद्यावर चार बोटं होती. तिथून मनगट निघून पानाच्या कडेबाहेर गेलं होतं. स्क्रीनवर पानाभोवती असलेली ती करडी जागा छापली जात नाही, उरलंसुरलं टाकायला तिचा उपयोग. तिथे तिने काहीच काढलं नव्हतं. खालच्या फोटोतही खांद्यावर फक्त एक पुसट डाग होता.

चुकून काढलं असेल म्हणून तिने ते पुसलं.

दुसऱ्या दिवशी बोटं परत होती, आणि हात कोपरापर्यंत आला होता. तिने बिंदू मोजले. अकरा. तिला एवढ्यासाठी वीस तरी लागले असते.

ऑफिसातल्या संगणकवाल्याला तिने फोन केला. "जुनी प्रत कुठून तरी परत येत असणार," तो म्हणाला. "नेट काढून टाका आणि फाइल पेनड्राइव्हवर ठेवा."

तिने तसं केलं. पेनड्राइव्ह कपाटात, किल्ली पर्समध्ये. सकाळी उघडलं तर फ्रॉक आला होता, घोटे आले होते, अनवाणी पावलं आली होती. आईहून अर्धी वीत उंच अशी एक मुलगी. चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता रिकामा लंबगोल.

"चार दिवस बघतेय, धड जेवत नाहीस," आई म्हणाली. "काय झालंय?"

रेघाताईने स्क्रीन तिच्याकडे वळवला.

आई बराच वेळ बघत राहिली. मग तिने डाव्या हाताने पदर तोंडाशी धरला.

"ताई आहे ती माझी," ती म्हणाली.

"तुला बहीण होती?"

"दोन वर्षांनी मोठी. कालव्याकडे जायचं नाही अशी तंबी होती आम्हाला. आम्ही गेलो. तिचा पाय घसरला. मी पळत घरी आले, आणि वडील दारातच उभे. विचारलं, ताई कुठंय. मी म्हटलं, मैत्रिणीकडे गेलीय."

रेघाताई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली.

"अंधार पडेपर्यंत कुणी शोधलंच नाही गं. वेळेवर सांगितलं असतं तर... कुणास ठाऊक. माझी आई फोटो बघून वेड्यासारखं करायची, म्हणून वडिलांनी ताईला त्यातून कापून काढलं. घरात तिचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं. साठ वर्षं नाही घेतलं. आता तिचा चेहराही आठवत नाही मला. बाकी सगळं आठवतं. चेहरा नाही."

त्या दिवसापासून दोघी मिळून फाइल उघडू लागल्या. चहा झाला की रेघाताई खुर्ची स्क्रीनपाशी ओढायची. कधी एक भुवई आलेली असायची, कधी नाकाची नुसती एक बाजू. दोन दिवस काहीच आलं नाही, तेव्हा आईने जेवण टाकलं. रेघाताईने एकदा हळूच पेन टूल उचललं, ओठ आपणच काढावेत म्हणून. आई म्हणाली, "तू नको. तिचं तिला येऊ दे."

आठव्या सकाळी चेहरा पुरा झाला. रुंद कपाळ, जरा पुढे आलेला दात, काहीतरी बोलायच्या बेतात असलेलं तोंड.

"हीच," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्याची एकच बाजू रडली. "तिला आत घे."

रेघाताईने पानाची कड धरून उजवीकडे ओढली. करडी जागा पांढरी झाली आणि मुलगी चित्रात आली. चौघांचं कुटुंब. तिने फाइल छपाईवाल्याला पाठवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती छापील चित्र आणायला गेली. जाताना बाहेरून कुलूप घातलं. तासाभराचं काम होतं.

छपाईवाल्याने गुंडाळी उलगडली. "काम फक्कड झालंय, ताई. पण उजवीकडे एवढी मोकळी जागा कशाला सोडलीत?"

तिने पाहिलं. आजोबा, आजी, आई. पुढे कोरा कागद. आईच्या खांद्यावरही काही नव्हतं.

"फाइल दाखवा," ती म्हणाली.

त्याने दाखवली. तिने पानाबाहेर पाहिलं, मग रंग बंद करून पाहिलं. तीनच माणसं होती.

चित्र तिथेच टाकून ती निघाली. रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण धावत आलो होतो.

कुलूप जसंच्या तसं होतं. घरात शांतता होती. आई खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसली होती.

"आई?"

"आलीस?" आईचा आवाज मोकळा होता, कितीतरी महिन्यांत नव्हता इतका. "मी सांगितलं तिला सगळं. रागावली नाही गं."

रेघाताई जवळ गेली.

आईच्या विरळ पांढऱ्या केसांच्या दोन वेण्या घातलेल्या होत्या. शाळकरी मुलींसारख्या, घट्ट, मधोमध सरळ भांग पाडून.

एका हाताने वेणी घालता येत नाही.

तिने वेणीला हात लावला. ती ओली होती, आणि शेंड्याला हिरवट शेवाळ लागलं होतं.