सहावी फळी

"आता बोंबला! झरा आटला!"

विल्फने चौकातूनच आरोळी ठोकली. हेटी खिडकीतून डोकावली, तर धाकटे बंधुराज पावसात भिजत दगडी कुंडीपाशी उभे, आणि कुंडीत पाण्याचा टिपूस नाही! ज्या दगडी तोंडातून रात्रंदिवस धार पडायची, त्यातून एक गोगलगाय सावकाश बाहेर येत होती.

आज गुरुवार. शनिवारी झरा सजवायचा सण! मोठमोठ्या लाकडी फळ्यांवर ओली माती थापायची, तिच्यावर फुलांच्या पाकळ्या दाबून चित्र करायचं आणि त्या फळ्या झऱ्याभोवती उभ्या करून त्याचे आभार मानायचे, ही थॉर्नलो गावाची जुनी रीत. सगळा डोंगर कोरडा पडला तरी हा झरा कधी आटला नव्हता, म्हणून आभार. आता कोरड्या दगडाचे आभार कोण मानणार?

स्वयंपाकघरात आजोबांच्या पुढ्यातली ओटची लापशी गार झाली होती. बातमी ऐकून ते फक्त मान हलवत राहिले.

"फेब्रुवारीत तुमची आजी गेली. आता पाणीही गेलं तिच्यामागे," ते म्हणाले. "बरं झालं. रविवारी तुमच्याबरोबरच शहरात येतो. त्या वृद्धाश्रमात खोली रिकामी आहे ना?"

"बाबा, घाई काय आहे?" आई हळूच म्हणाली.

"इथे राहून तरी काय करू?"

चाळीस वर्षं सणाची चित्रं आजोबा काढत आणि आजी पाकळ्या लावी. यंदा त्यांनी पेन्सिलीला हातसुद्धा लावला नव्हता. दारामागे त्यांची ट्रंक भरून तयार होती. हेटीला रडू कोसळलं. दर सुट्टीत ज्या घरात यायचं, त्या घराला रविवारी कुलूप लागणार!

गावाच्या कोठारात सणाच्या समितीचे अध्यक्ष ग्रिमशॉकाका तणतणत होते. "झरा आटला म्हणजे आटला! चार वाजता सभा घेतो आणि सण रद्द करतो. पोरांनो, पायात घोटाळू नका!"

"पण काका, आठवडाभर पाऊस पडतोय. पावसात झरा आटेल कसा?" हेटीने विचारलं.

"बाईसाहेब, भूगोल शाळेत शिका. चला, बाहेर!"

दारात डोरी भेटली. ती शेजारच्या मेंढपाळाची मुलगी. तिचे बूट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखले होते.

"कुठे लोळून आलीस गं?" विल्फने चिडवलं.

"गप रे, शहरी उंदरा! डोंगराच्या पलीकडे आमची मेंढरं रुतलीत चिखलात. त्या उताराला कधी थेंबभर पाणी नसतं, आणि आज नुसता ओढा वाहतोय!"

हेटी थबकली. पाणी आटलं नव्हतं तर! वाट चुकलं होतं. तिने मागे वळून कोठारात पाहिलं. फळ्या ठेवायच्या लाकडी घोड्यांच्या सहा जोड्या मांडलेल्या होत्या. पाचांवर भिजलेल्या फळ्या होत्या आणि शेवटची जोडी रिकामी होती. ती आजीची जागा.

फळ्या आधी चांगल्या भिजवाव्या लागतात. कोरडं लाकूड मातीतलं पाणी पिऊन टाकतं आणि पाकळ्या गळतात. एरवी त्या गावतळ्यात बुडवत. यंदा गाळ काढायला तळं रिकामं केलं होतं, म्हणून त्या डोंगरावरच्या दगडी हौदात टाकल्या होत्या. त्याच हौदातून जमिनीखालच्या पाटाने झऱ्याला पाणी येई.

"विल्फ्या! आपण आलो त्या दिवशी हौदात किती फळ्या टाकल्या?"

"सहा. आजीची छोटी फळी आजोबांनी स्वतः उचलून नेली. मी मोजल्या होत्या!"

"आणि काल खाली आल्या पाच!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्या क्षणी डोरी बापाची लांब आकड्याची काठी आणि दोर आणायला धावली.

डोंगरावर धुकं इतकं दाट होतं, की हौद आधी ऐकू आला आणि मग दिसला. तो काठोकाठ भरून भलत्याच बाजूने वाहत होता. हेटी पालथी पडून आत बघू लागली. खाली, पाटाच्या तोंडावर, एक फळी झाकणासारखी घट्ट बसली होती.

"मी मारतो उडी!" विल्फ बूट काढू लागला.

हेटीने त्याची कॉलर धरली. "मारून तर बघ! पाणी बर्फासारखं आहे. वाचलास तर मी बदडीन!"

काठीला दोर बांधून डोरीने आकडा फळीच्या कडेत अडकवला. तिघांनी ओढलं. आकडा निसटला आणि तिघंही चिखलात!

"शहरी उंदरा, नुसता लोंबकळतोस काय? टाच रोव!"

दुसऱ्यांदाही निसटला. तिसऱ्यांदा फळी बोटभर हलली. पाटाने घळघळ मोठा घोट घेतला आणि फळी वर आली. मागच्या बाजूला तापल्या सळईने कोरलेली एक लहानशी कोंबडी होती. आजीची खूण!

हेटीने बाहीने कोंबडीवरचा चिखल पुसला आणि तिघांनी फळी खांद्यावर घेतली.

"सण रद्द करायला संमती असेल त्यांनी हात वर करा," कोठारात ग्रिमशॉकाका म्हणत होते. हात वर झाले. आजोबांचाही झाला.

दार धाडकन उघडलं.

"हात खाली घ्या!" हेटी ओरडली. "आणि कान द्या!"

चौकातून पाण्याची धार ऐकू येत होती.

फळी पाहताच ग्रिमशॉकाकांचा चेहरा उतरला. "मीच... मीच ती वर हौदात राहू दिली. पाचच काढा म्हणालो. म्हटलं, आता ही सजवणार कोण? पाण्याच्या ओढीने पाटाच्या तोंडावर जाऊन बसली असणार." त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "आम्ही हात वर करून बसलो आणि तुम्ही कामाला लागलात. शाबास, पोरांनो! चूक माझी."

आजोबा उठून आले.

"ती नाही हे माझे हात विसरले होते," ते म्हणाले. "सवयीनं नेली मी." त्यांनी लाकडात नख दाबून पाहिलं. "चांगली भिजलीय. एवढी भिजलेली तिला कधी मिळाली नव्हती."

मग त्यांनी विचारलं, "माती कुठे आहे?"

मोठं चित्र काढायला वेळ उरला नव्हता. आजीच्या फळीवर आजोबांनी फक्त एक कोंबडी रेखली. तिघं मुलं शुक्रवारभर तिच्यावर पाकळ्या लावत होती.

"खालून वर लाव, कौलांसारख्या," आजोबा हेटीला म्हणाले. "म्हणजे पाऊस ओघळून जातो. हे तिचंच सांगणं." आणि बराच वेळ ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

शनिवारी दिवसभर पाऊस पडला. धर्मगुरूंची प्रार्थना छत्र्यांखालीच झाली. कुणी फारसं हसलं-बोललं नाही, पण जो तो त्या छोट्या फळीपाशी थांबून पुढे जात होता. एकही पाकळी गळली नाही.

रविवारी आईने दारामागची ट्रंक गाडीत ठेवायला जोर लावून उचलली आणि मागे कोलमडता कोलमडता वाचली. ट्रंक रिकामी होती.